तडीपार कविता आणि मराठी समीक्षेचे मौन

१

२०२३ च्या मार्च-एप्रिलमध्ये महाराष्ट्रात दोन कवितांवर फौजदारी गुन्हे नोंदवले गेले. हे विधान वाचून मराठी समीक्षाव्यवहारातील बहुतेकांना आश्चर्य वाटेल. त्या काळात रॅप गाणाऱ्या दोन तरुणांवर पोलीस कारवाई झाली, हे त्यांना वृत्तपत्रांमुळे ठाऊक असते. ती कारवाई कवितेवर होती, हे मात्र त्यांच्या ध्यानी आलेले नसते. छत्रपती संभाजीनगरचे राज मुंगासे यांच्या गाण्यावर अंबरनाथमध्ये तक्रार दाखल झाली आणि मुंबईचे उमेश खाडे यांच्या ‘भोंगळी केली जनता’ या गाण्याची चौकशी मुंबई पोलिसांनी केली. विरोधी पक्षांच्या नेत्यांनी निषेध नोंदवला, सत्ताधारी पक्षाच्या कार्यकर्त्यांनी संताप व्यक्त केला, वाहिन्यांवर चर्चा झाल्या. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर लिहिले गेले, तेही योग्यच. परंतु या दोन रचनांची भाषा, त्यांची लय, त्यांतील ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांचे नाते, त्यांतील उपरोधाची जात यांविषयी एकाही वाङ्मयीन नियतकालिकाला साक्षेपी चर्चा करावीशी वाटल्याचे दिसत नाही.

त्यामुळे एक विलक्षण गोष्ट घडली. मुंगासे यांच्या रचनेचा पहिला अर्थनिर्णय एका फिर्यादीने केला. ‘खोके’ हा मुंबईच्या गुन्हेगारी जगातील जुना सांकेतिक शब्द. ‘पेटी’ म्हणजे लाख आणि ‘खोका’ म्हणजे कोट. २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात तो विधानभवनाच्या पायऱ्यांवर घोषणा म्हणून पोचला आणि तेथून गाण्यात आला. गाण्यात कोणाचेही नाव घेतलेले नाही, असे कवीच्या बाजूने सांगितले गेले. अनामिकाला उद्देशून केलेली ही निंदा नेमकी कोणाची, हे ओळखण्याचे काम तक्रारदाराने स्वतःच केले. संदर्भ ओळखणे, लक्ष्यार्थ लावणे, निवेदक आणि कवी यांचा संबंध ठरवणे ही सारी समीक्षेची कामे आहेत. ती समीक्षेने केली नाहीत म्हणून पोलीस ठाण्यात झाली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण ती केवळ पोलीस ठाण्यातच झाली, हे मात्र खरे आहे.

याच वर्षाच्या फेब्रुवारीत पुण्याच्या वस्तीतून आलेला एमसी स्टॅन हा रॅपर एका दूरचित्रवाणी स्पर्धेत प्रेक्षकांच्या मतांवर विजयी झाला होता. त्याच्या २०२० मधील गीतसंचाचे नाव ‘तडीपार’. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ नुसार उपद्रवी ठरवलेल्या व्यक्तीला जिल्ह्याच्या हद्दीबाहेर घालवण्याच्या कारवाईला बोलीत तडीपारी म्हणतात. आपल्या पहिल्या मोठ्या कृतीला कवीने हे नाव द्यावे, ही गोष्टच एखाद्या अभ्यासकाला थांबवून धरण्यास पुरेशी होती. तसे झाले नाही. एका रॅपरचा स्वीकार मतांनी मोजला गेला, दुसऱ्याचा फौजदारी कलमांनी. या दोहोंच्या मध्ये जी जागा असते, जिथे रचना रचना म्हणून ऐकली व तोलली जाते, ती मराठीत रिकामी राहिली. प्रस्तुत विवेचनाचा विषय ही रिकामी जागा आहे.

२

या मौनाचे समर्थन दोन प्रकारे केले जाते. पहिले असे, की रॅप ही आयात वस्तू आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या अनुभवातून निपजलेली ही रीत येथे केवळ अनुकरण म्हणून वावरते. रॅपचा उगम न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १९७३ च्या ऑगस्टमध्ये कूल हर्क याने वाजवलेल्या एका घरगुती समारंभाशी जोडला जातो, हे सर्वश्रुत आहे. तेव्हा प्रकार बाहेरचा आहे, हे मान्यच करावे. प्रश्न असा, की बाहेरून आल्यामुळे मराठी समीक्षेने आजवर कोणत्या काव्यप्रकाराला दार बंद केले?

सुनीत इटलीत जन्मले, इंग्रजीतून आले आणि केशवसुतांनी १८९२ मध्ये त्याचा मराठीत पाया घातला. गझल फार्सीतून आली. माधव जूलियनांनी ‘गज्जलांजलि’त तिच्या वृत्तांना मराठी रूप दिले आणि पुढे सुरेश भटांनी तिला घराघरांत नेले. मुक्तछंदाचा आदर्शही परकाच होता. या प्रत्येक वेळी वाद झाले. परंतु ते वाद काव्यप्रकाराच्या शक्यतांविषयी झाले आणि त्यांतून समीक्षा समृद्ध झाली. मग रॅपच्या वेळीच परकेपणा हा आक्षेप अंतिम का ठरतो? उत्तर काहीसे अप्रिय आहे. सुनीत, गझल आणि मुक्तछंद हे विद्यापीठाच्या वाटेने आले. फार्सी शिकलेल्या प्राध्यापकाने, इंग्रजी कविता अभ्यासलेल्या पदवीधराने ते आणले. रॅप मोबाइल फोनच्या वाटेने आला आणि ज्यांच्याकडे तो प्रथम पोचला, त्यांच्यापैकी अनेकांना विद्यापीठाची वाट ठाऊकही नव्हती. आक्षेप वस्तूच्या मूळ देशावर घेतला जातो. खरी अडचण ती आणणाऱ्याच्या सामाजिक पत्त्याची असते.

देशीवादाच्या नावाने हा आक्षेप घेणाऱ्यांनी तर अधिक सावध असावयास हवे. देशीयतेचा विचार जर भाषासमूहाच्या जिवंत व्यवहाराशी निष्ठा राखणारा असेल, तर त्या व्यवहाराने परकी वस्तू कशी पचवली हे पाहणे त्याचे कामच आहे. ‘भोंगळी’ हा खेड्यापाड्यांतल्या बोलीतला शब्द मुंबईतील तरुण आपल्या गाण्याच्या शीर्षकात आणतो. प्रमाण भाषेतील ‘नग्न’ किंवा ‘विवस्त्र’ या शब्दांत जे बसत नाही, ती उघड्या पडलेल्या देहाची नामुष्की त्या शब्दात आहे. हे अनुकरण म्हणावे की भाषेने आपल्या तळातून वर आणलेले द्रव्य म्हणावे, याचा निर्णय शब्द ऐकल्याशिवाय होत नाही.

३

दुसरे समर्थन वरकरणी उदार आहे आणि म्हणून अधिक घातक आहे. ‘रॅपमध्ये नवे काय? आमच्याकडे पोवाडा होता, फटका होता, कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब होते’, असे म्हणून रॅपला परंपरेच्या मांडवात बसवले जाते. या कौतुकाचा खोटेपणा पाहावयाचा तर अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर, जिल्ह्याइतके सोयीचे ठिकाण नाही. कारण ज्या शाहिराचे नाव फटक्याबरोबर प्रथम उच्चारले जाते, तो अनंत फंदी याच जिल्ह्यातील संगमनेरचा.

फंदीचा काळ १७४४ ते १८१९. मूळ आडनाव घोलप. मलिक फंदी नावाच्या फकिराशी असलेल्या स्नेहामुळे ‘फंदी’ हे नाव त्याला चिकटले, असे सांगतात. ब्राह्मण घरात जन्मून त्याने तमाशाचा फड उभा केला, लावण्या रचल्या, पोवाडे रचले. १७९५ मधील खर्ड्याच्या लढाईवर त्याने पोवाडा केला आणि खर्डा हे गावही याच जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यातले. म्हणजे घडणारा इतिहास आणि तो गाणारा कवी एकाच परिसरातले होते. गाणे ताज्या घटनेवर होते. ऐकणाऱ्यांना त्यातील माणसे ठाऊक होती. सद्यःस्थितीवर तत्काळ बोलणे हा त्या कवितेचा धर्म होता. एवढ्यापुरते रॅपशी त्याचे साम्य दाखवणे रास्त आहे.

परंतु मराठी वाचकापर्यंत पोचलेला फंदी कोणता? तो पाठ्यपुस्तकांतला, उपदेशपर फटक्याचा फंदी आहे. त्याच्याविषयीची सर्वांत लोकप्रिय कथाही उद्धाराची कथा आहे. अहिल्याबाई होळकरांनी त्याला तमाशाबद्दल बोल लावला, त्याने डफ टाकला आणि तो कीर्तनकार झाला. अहिल्याबाई जामखेड तालुक्यातीलच चौंडीच्या. ही आख्यायिका किती ऐतिहासिक, हा येथे प्रश्न नाही. अहिल्याबाईंच्या थोरवीला तिची गरज नाही आणि तिने त्या थोरवीला बाधही येत नाही. लक्षात घ्यावयाचे ते असे, की मराठी अभिरुचीला हीच कथा का आवडली. शाहीर सुधारला, ही त्या कथेची गोडी आहे. फडावरचा फंदी पत्करण्यासाठी त्याला आधी कीर्तनाच्या पाटावर बसवावे लागले. लावणीचे पाप फटक्याच्या पुण्याने धुवून निघाले. मग तो ‘कवी’ झाला.

मराठी समीक्षेने प्रयोगात जगणाऱ्या कवितेशी पुढेही असाच व्यवहार केला आहे. पोवाड्यांचा संग्रह हॅरी अ‍ॅक्वर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या सहकार्याने १८९१ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा पेशवाई बुडून सात दशके लोटली होती. म. वा. धोंडांचा ‘मऱ्हाटी लावणी’ हा मर्मग्राही ग्रंथ १९५६ मधला. तोवर ती लावणी बाडांत आणि छापील पानांत स्थिरावली होती. विद्वत्तेचे मोल याने कमी होत नाही. परंतु नियम स्पष्ट दिसतो. गाणारा गेला, ज्याच्यावर गायले तो राजा गेला, प्रेक्षक गेले, गाण्याचे तापमान उतरले, की मग समीक्षा हात लावते. ‘रॅप म्हणजे आजचा पोवाडा’ असे म्हणणारे या नियमाचेच पालन करीत असतात. जिवंत वस्तूला ते मृत वस्तूचे नाव देतात आणि मृत वस्तूविषयीचे तयार मत तिच्यावर चिकटवून मोकळे होतात.

याच जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील धामणगावच्या दया पवारांच्या ‘बलुतं’चे स्वागत १९७८ मध्ये मोठे झाले, पण ते साहित्य आहे की समाजशास्त्राला पुरवलेली सामग्री, हा प्रश्न त्या स्वागताच्या पोटात बराच काळ राहिला. रॅपच्या वाट्याला तेवढाही प्रश्न आलेला नाही.

४

वंशावळीचा मोह सोडून रचनेकडे पाहिले तर काय दिसते? फटक्याची चाल बहुधा आठ-आठ-आठ-सहा मात्रांच्या आवर्तनांची, माधव जूलियनांच्या परिभाषेत पद्मावर्तनी जातीची आहे. रॅपची पार्श्वलय सामान्यतः चार ठोक्यांच्या आवर्तनाची असते. चार ठोक्यांत आठ मात्रा सहज बसतात, म्हणून मराठी पद्याला ही लय परकी वाटत नाही. येथपर्यंत साम्य आहे. पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात.

पोवाड्यात डफ-तुणतुणे शाहिराच्या मागे चालते. शाहीर कडव्याचा वेग वाढवतो, थांबतो, गद्यात निवेदन करतो, झीलकरी त्याला उचलून धरतात. रॅपमधील ठोका यंत्राने घातलेला असतो. तो कवीसाठी थांबत नाही. म्हणून शब्द ठोक्याच्या आधी टाकावयाचा, ठोक्यावर टाकावयाचा की त्याला हुलकावणी देऊन नंतर टाकावयाचा, हा अर्थाचा निर्णय ठरतो. छापील कवितेत ओळ तोडण्याला जे मोल असते, ते येथे या हुलकावणीला असते. पोवाड्यात झीलकऱ्यांमुळे समूहाचा आवाज रचनेतच असतो. रॅपर बहुधा एकटा असतो आणि ‘आम्ही’ त्याला शब्दांतून उभा करावा लागतो. त्यामुळे त्याचा ‘मी’ सतत फुगतो, बढाई मारतो, स्वतःचे नाव घेतो. संतांच्या नाममुद्रेशी याची तुलना करावी, परंतु फरकही सांगावा. तेथे नाममुद्रा अभंगाच्या शेवटी येऊन नम्र होते, येथे ती आरंभीच येऊन जागा अडवते.

यमकाचा प्रश्न तर खास मराठी आहे. मराठी क्रियापदे ला-ली-ले, तो-ते-ती यांत संपतात. त्यामुळे ओळीच्या शेवटी यमक साधणे येथे फुकटच असते. सामान्य मराठी रॅप या फुकटच्या यमकावर चालतो आणि म्हणून तो लवकर कंटाळवाणा होतो. चांगला रॅपर क्रियापद ओळीच्या मध्यात ढकलतो आणि शेवटी नाम, जोडाक्षर किंवा बोलीतला आडदांड शब्द आणतो; ओळीच्या पोटात दोन-तीन अंतर्यमके बांधतो. येथे मराठीची वाक्यरचनाच वाकवली जाते. मर्ढेकरांनी ओवी-अभंगांच्या साच्यात यंत्रयुगाचे शब्द घालून जो ताण निर्माण केला, त्याच्या अभ्यासात दशके खर्ची पडली. या ताणाच्या अभ्यासाला एखादा तासही मिळू नये, यात वाङ्मयीन विवेक कोणता?

बोलींच्या सरमिसळीचा प्रश्नही असाच आहे. ‘स्वदेसी’ या मुंबईच्या समूहाने २०१९ मध्ये आरेच्या जंगलावरील ‘वारली रिव्होल्ट’मध्ये प्रकाश भोईर यांचा वारली आवाज आणि मराठी रॅप शेजारी ठेवले. तेथे दोन भाषिक स्तर एकमेकांत विरघळत नाहीत, परस्परांना साक्ष देतात. एमसी स्टॅनच्या भाषेत हिंदी आणि पुणेरी वस्तीतली मराठी इतकी मिसळते, की ही कृती कोणत्या भाषेच्या वाङ्मयेतिहासात नोंदवावी असा पेच पडतो. हा पेच टाळण्यासाठी ती कोठेच न नोंदवणे, हे उत्तर नव्हे. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला १९७२ मध्ये असाच भाषिक पेच घेऊन मराठीत यावे लागले होते; त्यातील शब्द समजत नाहीत म्हणून तेव्हाची समीक्षा गोंधळली, परंतु गप्प बसली नाही.

५

मौनाचे तिसरे, बहुधा न बोललेले कारण माध्यमाचे आहे. समीक्षेला पुस्तक लागते. रॅपर पुस्तक काढत नाही, मिक्सटेप काढतो. मिक्सटेप म्हणजे मुळात हातोहात फिरणारी ध्वनिफीत. ब्राँक्समधील वादक आपल्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे कॅसेटवर उतरवून विकत किंवा वाटत. पुढे कॅसेट गेली, नाव राहिले. कंपनीच्या बाहेर, बहुधा विनामूल्य, स्वतःच्या हिमतीवर प्रकाशित केलेला गीतसंच, असा त्याचा अर्थ रूढ झाला. त्यात उसने ठोके असतात, अपुरी गाणी असतात, मित्रांचे आवाज असतात, शत्रूंना दिलेली उत्तरे असतात.

मराठी वाङ्मयेतिहासाला ही वस्तू अनोळखी वाटू नये. पन्नास-साठच्या दशकांतील ‘शब्द’, ‘असो’, ‘फक्त’, ‘येरू’ यांसारखी अनियतकालिके हीच होती. सायक्लोस्टाइल यंत्र स्वस्त होते, प्रकाशकाची परवानगी लागत नव्हती, अंक हातोहात जात आणि पुढचा अंक निघेल याची हमी नसे. १९६९ मध्ये राजा ढाले आदींनी ‘सत्यकथा’ची होळी केली, तेव्हा प्रस्थापित अभिरुचीला तो हुल्लडपणा वाटला. आज त्या चळवळीवर प्रबंध आहेत, चर्चासत्रे आहेत, अभ्यासक्रमांत प्रकरणे आहेत. ज्या समीक्षेने अनियतकालिकाच्या अनियमिततेत मूल्य पाहिले, तिला मिक्सटेपच्या अनियमिततेत केवळ पोरकटपणा दिसावा, ही विसंगती आहे.

या दुर्लक्षाची किंमत मराठीने एकदा मोजली आहे. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आली आणि पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ या १९९३ च्या ग्रंथात उत्तर भारतातील लोकसंगीतावर तिने केलेल्या परिणामाचा शोध घेतला. महाराष्ट्रात चैत्यभूमीवर, दीक्षाभूमीवर, जत्रांत भीमगीतांच्या कॅसेटी विकल्या जात होत्या. शाहिरांची एक पिढी त्या फितींवर होती. किती ग्रंथालयांनी त्या जतन केल्या? किती मराठी विभागांत त्यांची सूची आहे? फीत चिकटली, बुरशी आली, विषय संपला. आजची मिक्सटेप तर फितीहूनही ठिसूळ आहे. तक्रार झाली, दबाव आला, कवीचे मन बदलले, की एका क्षणात ती अदृश्य होते. फंदीची कवने निदान बाडांत उरली म्हणून शाळिग्रामांना सापडली. उद्याच्या शाळिग्रामांना बाडही मिळणार नाही.

६

येथे एक गैरसमज संभवतो. रॅपची दखल घ्यावी, याचा अर्थ त्याचा गौरव करावा असा नाही. या प्रकारात स्त्रीविषयी हिणकस भाषा मुबलक आहे. महागड्या बुटांचे आणि साखळ्यांचे स्तोत्र गाणे हाच कित्येकांचा विषय आहे. बंडाची मुद्रा धारण करून वाहिनीच्या स्पर्धेत सौम्य होणारे अनेक आहेत. राजकीय गाण्यांतही घोषणा कवितेवर मात करते. हे सारे स्पष्टपणे सांगावयास हवे. परंतु ते कोण सांगणार? चाहते सांगणार नाहीत; पोलिसांना ते सांगण्याशी कर्तव्य नाही; गाण्याचा आपल्या बाजूने उपयोग होतो तोवर राजकीय पक्ष टाळ्या वाजवणार. सरस-निरस वेगळे करण्याचे काम समीक्षेचेच आहे आणि ते ऐकल्याशिवाय होत नाही. दुर्लक्ष हा कठोर निर्णय नव्हे. तो निर्णय टाळण्याचा सभ्य मार्ग आहे.

‘हे लोकवाङ्मयाच्या अभ्यासकांचे काम’, असेही म्हटले जाईल. मिलमन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड यांनी युगोस्लाव्हियातील गायकांच्या अभ्यासातून मौखिक रचनेचे जे सिद्धांत मांडले, ते होमरच्या समीक्षेला मुळापासून बदलून गेले. लोकवाङ्मयाच्या कोपऱ्यात पडून राहिले नाहीत. मराठीत तर हा कोपरा मानण्यालाच आधार नाही. नेवासे येथे ज्ञानदेवांनी गीता सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, ही परंपरेची धारणा. ज्या भाषेचा थोर ग्रंथ याच जिल्ह्यात आधी कानांसाठी झाला, त्या भाषेच्या समीक्षेने डोळ्यांनी वाचता येते तेवढेच साहित्य मानावे, हे तिच्या इतिहासाशीही विसंगत आहे.

करावयाची कामे अवघड नाहीत. ध्वनिमुद्रणे तारखेसह जतन करणे, त्यांच्या संहिता सिद्ध करणे, प्रयोगाप्रयोगांतील पाठभेद नोंदवणे, बोलींचे शब्दार्थ कवींकडून समजून घेणे, ठोका आणि मात्रा यांचे लेखन करण्याची पद्धत बसवणे. हस्तलिखितांच्या अभ्यासाने हे शिस्तीचे मार्ग मराठी विभागांना केव्हाच शिकवले आहेत. संगमनेर, नेवासे आणि अकोले यांचा वारसा सांगणाऱ्या जिल्ह्यातील महाविद्यालयांना तर त्यासाठी दूर जाण्याचेही कारण नाही.

फडावरच्या फंदीला समकालीन समीक्षक मिळाला नाही. तेव्हा तशी संस्थाच नव्हती. आज विद्यापीठे आहेत, विभाग आहेत, नियतकालिके आहेत, पीएच.डी.च्या नोंदण्या आहेत. तरीही २०२३ मध्ये दोन मराठी रचनांचे तपशीलवार वाचन करण्याची वेळ आली, तेव्हा ते वाचन तक्रारअर्जात झाले. यापुढे अशी वेळ येईल तेव्हा न्यायालयापुढे ठेवण्यासारखे एखादे वाङ्मयीन विश्लेषण मराठीत उपलब्ध असेल की नसेल, हे रॅपरांच्या हाती नाही. ते समीक्षकांच्या हाती आहे.